चूक सापडली नाही

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणतात, आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही. वाटावा तरी का? दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एका खिडकीची खोली आहे, तिथे बसून हा माणूस एकवीस वर्षं लोकांना दात करून देतोय. पुढे डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, मागे हा प्लास्टरचा साचा ओततो आणि गुलाबी मेणाच्या पट्टीवर एकेक दात लावतो. चिमट्यानं केसभर इकडे, केसभर तिकडे. एका कवळीला चार-चार दिवस. घासायची मोटर चालू केली की खोलीभर पांढरी धूळ उडते, याच्या भुवया पांढऱ्या होतात, चष्मा पांढरा होतो, पण कवळी अशी बसते की म्हातारी माणसं आरशात बघून चक्क लाजतात. असा चिकाटीचा हात. आणि या माणसाला बुद्धिबळात मात्र चिकाटी नाही! आता याला काय म्हणायचं?

सुरुवात तो झकास करायचा. मधला खेळही बरा. पण एकदा का वजीर-बिजीर पटावरून गेले आणि दोन राजे, एखाद-दुसरा हत्ती नि चार प्यादी एवढंच उरलं, की याचं गाडं अडायचं. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि फोन दुसऱ्या बाजूला ठेवून तो जगभरच्या अनोळखी लोकांशी दहा-दहा मिनिटांचे डाव खेळायचा. चार वर्षांत रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, साडेनऊशेवरून अकराशे चाळीसवर आलं आणि तिथं जे ठाण मांडून बसलं ते बसलंच. शेवटाची पुस्तकं वाच म्हणून कोणी सांगितलं तर म्हणायचा, "वाचतो की." एक पुस्तक आणलंही होतं. त्यावर प्लास्टरचे डाग पडले, बाकी काही नाही.

त्याला शेवटात खरं पाणी पाजायचे ते त्याचे सासरे. सासऱ्यांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली. लोखंडी दांडे ओढायचे, रूळ बदलायचे, आणि दोन गाड्यांच्या मध्ये गप्प बसून वाट बघायची. वाट बघण्यात ते इतके तरबेज झाले होते की पटावरची गर्दी गेली की त्यांचा चेहराच खुलायचा. "आता खेळ सुरू," म्हणायचे. लग्न ठरलं तेव्हापासून, म्हणजे सतरा वर्षं, कवळीवाला त्यांच्याशी खेळत होता आणि सतरा वर्षं शेवटात मार खात होता. सासरे वर हसून म्हणायचे, "जावईबापू, तुमचा खेळ उत्तम आहे हो, फक्त जेवणाच्या सुट्टीपर्यंत!" मग सगळं घर हसायचं. बायको हसायची, सासूबाई हसायच्या, आणि अलीकडे तर नऊ वर्षांची चिऊसुद्धा. हाही हसायचा. पण आतून धुमसायचा, ते कोणाला दिसायचं नाही.

सासऱ्यांच्या केबिनची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. केबिनमध्ये एक वही असायची. चूक झाली, अगदी नुसता आधीचा दांडा नंतर ओढला गेला आणि कोणाचं काही बिघडलं नाही, तरी ती त्या वहीत लिहायची. ज्याची चूक त्यानंच, आपल्या अक्षरात. वर कळवायची तीही त्यानंच. दुसऱ्यानं कळवली तर ती चहाडी, आणि चहाडी करणाऱ्याच्या हातचा चहा कोणी प्यायचं नाही. एवढंच नाही, चुका होत राहिल्या आणि त्या का होतात हेच सापडेनासं झालं, तर त्या माणसानं आपण होऊन केबिनची किल्ली साहेबांच्या टेबलावर आणून ठेवायची. सासऱ्यांनी चौतीस वर्षांत नऊ चुका लिहिल्या होत्या. किल्ली ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि याचा त्यांना केवढा अभिमान!

हीच वही त्यांनी बुद्धिबळाला लावली. हरलेला किंवा बरोबरीत सुटलेला प्रत्येक डाव लिहायचा, मग पट मांडून एकेक चाल मागे जात चूक शोधायची, आणि सापडली की समोर तांबड्या शाईनं लिहायची. हल्ली फोनमध्ये एक बटण दाबलं की मशीनच चूक दाखवतं, हे जावयानं त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "माझी चूक मला दुसऱ्यानं दाखवायची? मग मी काय शिकलो?" पुन्हा तो विषय निघाला नाही.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सपाटीवर ते ठणठणीत चालायचे. चिऊला मंगळवारी नि शुक्रवारी बसनं पोहायला न्यायचे-आणायचे, पण लेकीच्या घरचे तीन जिने काही त्यांना चढवेनात. चिऊच खाली उतरून त्यांची वाट बघायची. मग कवळीवाल्यानं त्यांच्या फोनमध्ये बुद्धिबळ घालून दिलं. एका चालीला एक दिवसाची मुभा, घाई नाही. सासरे खूश. दिवसातून चार-पाच चाली व्हायच्या, दोन-अडीच आठवड्यांत डाव संपायचा. पहिल्या चौदा डावांत जावई बारा हरला आणि दोन कसेबसे बरोबरीत सुटले.

पंधराव्या डावात गोष्ट बिघडली.

त्या डावात कवळीवाल्याकडे एक प्यादं जास्त होतं. हत्तीला हत्ती, आणि एक प्यादं जास्त! असा डाव त्याच्या नशिबी सहा महिन्यांत आला नव्हता. दुपारची वेळ, डबा खाऊन झालेला, पुढे दवाखान्यात कोणी नाही. खोलीत कोपऱ्यात डॉक्टरीणबाईंचा एक जुना संगणक होता, कोणाची कवळी कधी द्यायची ते त्यात लिहिलेलं असायचं. त्यानं त्यावर एक साइट उघडली. पट मांडला, आपले मोहरे, त्यांचे मोहरे. नुसतं बघू, असं स्वतःला म्हणाला. शिकायला म्हणून. मशीननं पटावर एक हिरवा बाण काढला: हत्ती इथून इथे. कवळीवाल्याला ती चाल सात जन्मांत सुचली नसती. फोनवर त्यानं ती खेळली. संध्याकाळी सासऱ्यांची चाल आली, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बाण. एकवीस चालींत सासऱ्यांनी डाव सोडला.

आणि मग काय झालं? म्हातारा रागावला असता, खट्टू झाला असता, तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण सासऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दहा मिनिटांत पाच घरी फोन केले. "जावयानं मला शेवटात हरवलं! शेवटात!" सासूबाईंना सांगितलं, मेहुण्याला सांगितलं, केबिनमधल्या जुन्या जोडीदारांना सांगितलं. बायकोनं घरी आल्या आल्या याच्या पाठीत थाप मारली. "छुपे रुस्तम! कधी शिकलास रे?" चिऊनं शाळेत जाऊन सांगितलं की माझे बाबा आजोबांना हरवतात. कवळीवाला त्या दिवशी खरं सांगू शकला असता. अहो, एक वाक्य होतं! पण सगळं घर तोंड भरून कौतुक करत असताना ते एक वाक्य घशाशी येऊन परत गेलं. त्याला लाज वाटली, नाही असं नाही. पण कौतुक लाजेपेक्षा गोड लागलं, आणि तिथंच घात झाला.

पुढे सवय लागली. डाव शेवटाला आला की दुपारी दार लोटायचं, संगणक लावायचा, बाण बघायचा. स्वतःशी तो वकिली करायचा. सुरुवात माझी, मधला खेळ माझा, मग थोडी मदत घेतली तर कुठं बिघडलं? संशय येऊ नये म्हणून चार डाव मुद्दाम बरोबरीत सोडले. त्या चार डावांची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली, कारण चोरी एकवेळ मोहानं होते, पण चोरी लपवायला बसून विचार करावा लागतो. अनोळखी लोकांशी खेळताना तो मशीनच्या वाटेला जायचा नाही. तिथं पकडलं जायची भीती, आणि दहा मिनिटांत बाण बघायला वेळ कुठला? तिथलं रेटिंग होतं तिथंच होतं, अकराशे चाळीस. चिऊनं एकदा त्याचा फोन बघता बघता विचारलं, "बाबा, तुम्ही आजोबांना हरवता, मग या सगळ्यांशी का हरता?"

"ही सगळी तरुण पोरं आहेत गं," तो म्हणाला. चिऊला ते पटलं. त्याला स्वतःला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही.

एकतिसाव्या डावात मशीननं एक भलतीच गोष्ट सांगितली. असलेलं प्यादं फुकट देऊन टाक आणि राजा एक घर मागे घे. याला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण बाण तो बाण. खेळला. नऊ चालींनंतर सासऱ्यांचा हत्ती असा कोंडला गेला की हलायला जागा नाही. त्या रविवारी सासरे मुद्दाम त्याला बाजूला घेऊन बसले. चष्मा पुसून म्हणाले, "जावईबापू, प्यादं दिलंत ते कसं दिसलं हो तुम्हाला? मी तीन दिवस पट मांडून बसलोय."

हा काय सांगणार, कप्पाळ? म्हणाला, "असं... जाणवलं."

"जाणवलं," सासरे म्हणाले आणि मान डोलावत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला पूर्वी जाणवायचं." आता तरी हा बोलला का? नाही. मूग गिळून चहा प्यायला आणि घरी आला.

त्यानंतर दहा डाव झाले. एका बुधवारी संध्याकाळी बायको फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बाबा म्हणतात, शुक्रवारपासून चिऊला पोहायला नेणार नाहीत."

"का? गुडघा?"

"गुडघा कसला! म्हणतात, माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही. चौकात गाड्या असतात, पोरीचा हात माझ्या हातात असतो, मी कुठं चुकलो हे मलाच कळणार नसेल तर मी नेऊ नये." तिचे डोळे भरले. "किल्ली टेबलावर ठेवली म्हणतात. तुला माहितेय ना याचा अर्थ? मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी पत्ते विसरले, मग माणसं."

कवळीवाल्याला त्याच क्षणी सगळं कळलं. सासरे काही विसरले नव्हते, त्यांचं काही बिघडलेलं नव्हतं. त्यांच्या चौतीस वर्षांच्या डोक्याला यानं दुपारी दार लोटून पायाखाली घेतलं होतं, आणि तो भला माणूस चूक स्वतःत शोधत बसला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. बायको समोर रडत होती. पण हा म्हणाला काय, तर, "डॉक्टरला दाखवू या." शाबास!

दाखवलं. डॉक्टर तरुण होता, मऊ बोलायचा. सासऱ्यांना आजचा वार विचारला, घड्याळाचं चित्र काढून घेतलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सासऱ्यांनी सगळं धडाधड केलं, पाचही शब्द उलटे म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाला, "वयाच्या मानानं उत्तम आहे, आजोबा. काळजीचं कारण दिसत नाही."

"तुम्ही वार विचारलात, तो मला येतो," सासरे म्हणाले. "एकतिसाव्या डावात मी कुठं चुकलो ते येत नाही. त्याचं काय?"

डॉक्टर हसला आणि घरच्यांकडे वळला. "तुम्हाला काही फरक जाणवला का?"

"जावयांना विचारा," सासरे म्हणाले. "रोज माझ्या डोक्याशी त्यांचीच गाठ असते. ते खोटं बोलणार नाहीत."

डॉक्टर याच्याकडे बघायला लागला. बायको बघायला लागली. भिंतीवर मेंदूचं एक चित्र टांगलं होतं, निळ्या-तांबड्या रंगांचं, हा त्याच्याकडे बघायला लागला. "नाही," तो म्हणाला. "म्हणजे... तसं काही नाही."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. जावई आपलं मन राखायला बघतोय, असं त्यांना वाटलं होतं. तो हात गुडघ्यावर होता तेवढा वेळ कवळीवाल्याला वाटत होतं की धरणी दुभंगावी आणि आपण खाली जावं. पण दवाखान्याची फरशी मजबूत असते. ती कुठली दुभंगायला!

आता भित्र्या माणसाची अक्कल कशी चालते बघा. त्यानं ठरवलं, सांगायचं काही नाही, नुसतं मशीन बंद करायचं. आपण हरू, सासरे जिंकतील, त्यांचा भरवसा परत येईल, सगळं आपोआप रुळावर. बेचाळिसावा डाव तो स्वतःच्या डोक्यानं खेळला. शेवटाला दोन राजे, सासऱ्यांचं एक प्यादं, याची दोन. सासऱ्यांनी त्याला सतरा वर्षांत शंभरदा सांगितलं होतं की राजा प्याद्याच्या पुढे चालवायचा, मागे नाही. पुढचा राजा वाट मोकळी करतो, मागचा नुसता ढकलत राहतो. यानं राजा मागे ठेवून प्यादं ढकललं. सासऱ्यांचा राजा शांतपणे समोर येऊन उभा राहिला आणि जिंकलेला डाव हातचा गेला. मग घाबरून आणखी दोन चुका केल्या आणि चक्क हरला. अगदी मनापासून, प्रामाणिकपणे हरला.

फोन आला. आता हसतील, असं वाटून यानं उचलला.

"जावईबापू," सासऱ्यांचा आवाज थरथरत होता. सतरा वर्षांत ते याच्यावर कधी चिडले नव्हते. "हरवलंत ते मी सोसलं. माझं डोकं गेलं, माझं मी बघीन. पण ही दया मला नको. एकतिसावा डाव खेळणारा माणूस राजा प्याद्याच्या मागे ठेवतो? मी काय कुक्कुलं बाळ आहे? रविवारी या. वही घेऊन जा. यापुढे मी खेळणार नाही."

फोन ठेवला गेला. कवळीवाला मेणाच्या पट्टीसमोर बसून राहिला. त्याचा खरा खेळ, सतरा वर्षांचा त्याचा स्वतःचा अकराशे चाळीसचा खेळ, तोच आता खोटा ठरला होता. हसावं की रडावं कळेना. त्या दिवशी त्यानं एका बाईंच्या कवळीत डावीकडचा दात उजवीकडे लावला, आणि डॉक्टरीणबाईंनी एकवीस वर्षांत पहिल्यांदा कवळी परत पाठवली.

रविवारी तो एकटाच गेला. चिऊला पोहायला आता तिची आई न्यायची, म्हणून त्या दोघी घरी थांबून मागे राहिलेली धुणीभांडी उरकत होत्या. सासूबाईंनी दार उघडलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. टेबलावर पट मांडलेला नव्हता. नुसती वही होती, काळ्या पुठ्ठ्याची, केबिनमधल्या वह्यांसारखी.

"बसा," सासरे म्हणाले. "ही तुम्हाला. मला आता उपयोग नाही, आणि तुम्ही पुढे गेलात."

यानं वही उघडली. पहिले डाव जुने, सासऱ्यांच्या जोडीदारांशी हरलेले. समोर तांबड्या शाईत: "हत्ती प्याद्याच्या मागे हवा होता." "घाई केली." "त्याचा उंट दिसलाच नाही." मग फोनवरचे डाव सुरू झाले. पंधरावा डाव. सगळ्या चाली सुबक अक्षरात. समोर लिहिलं होतं: "चूक सापडली नाही."

पुढचा हरलेला डाव. "चूक सापडली नाही." त्याच्या पुढचा. "दोन दिवस शोधली. सापडली नाही." पान उलटलं. सापडली नाही, सापडली नाही. अक्षर हळूहळू बारीक होत गेलं होतं. एकतिसाव्या डावापुढे लिहिलं होतं: "जावयांना जाणवतं. मला जाणवत नाही." आणि एकेचाळिसाव्यापुढे, तांबड्या शाईत नव्हे, साध्या पेन्सिलीत: "चुकतो आहे आणि दिसत नाही. किल्ली ठेवावी."

कवळीवाल्यानं आयुष्यात बरंच काही वाचलं असेल, पण इतकं जड काही वाचलं नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, चूक सापडणारच नव्हती."

"का?"

"तुमची नव्हतीच ती." आणि मग बाकीचंही बोलून टाकलं. "शेवट मी खेळत नव्हतो. मशीनला विचारत होतो. दवाखान्यातल्या संगणकावर. ते सांगायचं, मी खेळायचो."

सासरे सिग्नल नीट पडला का हे बघताना जसं बघत असतील, तसं त्याच्याकडे बघत राहिले. मग चौकशी करणाऱ्या साहेबासारखं त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. आवाजात राग नव्हता, तेच याला सोसवेना.

"कितव्या डावापासून?"

"पंधराव्या."

"सगळे?"

"चार डाव मधल्या खेळातच संपले, शेवटापर्यंत आलेच नाहीत. बाकी सगळे."

"म्हणजे तेवीस. आणि परवाचा?"

"परवाचा माझा."

"राजा मागे ठेवलात तो?"

"हो."

"खरोखरच ठेवलात? तुमच्या डोक्यानं?"

"हो, बाबा."

सासरे उठले. त्या गुडघ्यानं इतक्या झटकन उठलेले यानं दोन वर्षांत पाहिले नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ओरडले, "अगं ए! माझं डोकं ठीक आहे! अगं, ठीक आहे माझं डोकं!" आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड भरून हसत होते, वरचे-खालचे सगळे दात दाखवून. ते दात कवळीवाल्यानंच करून दिलेले होते. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तरी यानं मान पुढे केली असती. पण त्या माणसाला राग यायला सवडच नव्हती, इतका तो सुटला होता. किती मोठा धोंडा आपण त्यांच्या छातीवर ठेवला होता, हे याला त्या हसण्यावरून कळलं. तो मान खाली घालून बसला.

हसणं ओसरल्यावर सासरे परत येऊन खुर्चीत बसले. खिशातलं तांबडं पेन काढून त्याच्यासमोर ठेवलं.

"लिहा," म्हणाले. "ज्याची चूक त्यानं."

यानं लिहायला घेतलं. पंधराव्या डावापुढे, त्यांच्या अक्षराखाली: "इथून पुढे मशीनला विचारलं." पुढच्या डावापुढे तेच. बरोबरीत सोडलेल्या डावांपाशी तो थांबला, मग लिहिलं: "मुद्दाम बरोबरीत सोडला, संशय येऊ नये म्हणून." सासरे खांद्यावरून वाचत होते. तिथं मात्र त्यांनी एकदा "अरेरे" केलं, आणि ते "अरेरे" याला जन्मभर पुरेल.

तो लिहीत असतानाच सासऱ्यांनी लेकीला फोन लावला, आणि समोरच्याचं बोलणंही ऐकू यावं म्हणून, नेहमीच्या सवयीनं, स्पीकर लावून टेबलावर ठेवला. उचलला चिऊनं.

"आजोबा! आई गच्चीवर कपडे वाळत घालतेय."

"असू दे. तिला सांग, मंगळवारी मीच येतो तुला न्यायला. खाली उभी राहा, टोपी विसरू नकोस."

पलीकडे इतकी मोठी आरोळी उठली की सासूबाईसुद्धा बाहेर आल्या. "आजोबा, तुम्ही बरे झालात?"

"मी आजारीच नव्हतो गं."

"मग काय झालं होतं?"

सांगायला सासऱ्यांकडे सगळं होतं, आणि सांगायचा हक्कही होता. पण चौतीस वर्षांची सवय. दुसऱ्याची चूक त्यांनी कधी वर कळवली नव्हती. त्यांनी फोन टेबलावरून उचलला आणि जावयाच्या हातात दिला. चेहऱ्यावर राग नव्हता, खुनशीपणा तर नव्हताच. फक्त वाट बघत होते.

"आजोबा? हॅलो?"

"मी आहे, चिऊ," कवळीवाला म्हणाला.

"बाबा! आजोबांना काय झालं होतं?"

"त्यांना काही झालं नव्हतं. मी त्यांना फसवलं. बुद्धिबळात. मी हरवतच नव्हतो त्यांना, मशीन सांगायचं आणि मी खेळायचो. म्हणून त्यांना वाटलं, आपलं डोकं बिघडलं."

गच्चीवरून आईनं मारलेली हाक अस्पष्ट ऐकू आली, पण चिऊनं तिला ओ दिली नाही. मग तिनं विचारलं, "एकदाच ना, बाबा?"

वही समोर उघडी होती, तांबडी शाई अजून ओली होती.

"तेवीस वेळा," तो म्हणाला.